जवळचा शेक: त्वचेचा कर्करोग आणि ब्रेकीथेरपी

कॅन्सरच्या वॉर्डात ‘रेडिएशन’ हा शब्द डॉक्टर वापरतात. बाहेर बाकावर बसलेली माणसं ‘शेक’ म्हणतात. “किती शेक झाले?” “बावीस झाले, आठ राहिलेत.” कुठे कुठे ‘लाइट दिली’ असंही ऐकू येतं. शब्द तसा फसवाच, कारण किरणोपचारात शेकल्यासारखं काही लागत नाही. यंत्राखाली झोपलेल्या माणसाला ना ऊब जाणवते ना चटका. मात्र ब्रेकीथेरपी नावाच्या प्रकाराला हा शब्द शोभून दिसतो. शेक घ्यायचा तर विस्तवाजवळ सरकून बसावं लागतं, आणि ब्रेकीथेरपीचं सगळं शास्त्र या जवळ बसण्यातच आहे. ‘ब्रेकिस’ म्हणजे ग्रीक भाषेत आखूड. आखूड अंतरावरून दिलेला किरणांचा उपचार, एवढाच त्या भारदस्त नावाचा अर्थ.

आपल्याकडे हा उपचार मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी माहीत आहे. ज्या बाईंना बाहेरून पंचवीस शेक दिल्यावर ‘आतून शेक’ घ्यायला सांगतात, तो हाच. तेच यंत्र, तोच किरणोत्सारी कण, फक्त टोकाला लावायचं साधन बदलून, नाकावरच्या किंवा कानावरच्या कर्करोगासाठीही वापरता येतो. हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि म्हणून वयस्कर माणसाच्या नाकावर गाठ निघाली की घरात ‘कापायचं की राहू द्यायचं’ एवढ्या दोनच वाटांवर वाद होतो.

आधी आजाराबद्दल. त्वचेच्या कर्करोगाचे तीन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. बेसल सेल कार्सिनोमा जगात सर्वांत जास्त आढळतो. तो सावकाश वाढतो, दूरच्या अवयवांत जवळजवळ कधीच पसरत नाही, पण आहे तिथे पोखरत राहतो. जुन्या इंग्रज डॉक्टरांनी त्याला उंदराने कुरतडलेला व्रण म्हटलं होतं, ते उगाच नव्हे. दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. हा जास्त खोडकर. काही रुग्णांत मानेतल्या, काखेतल्या, जांघेतल्या लसीका गाठींपर्यंत पोचतो. तिसरा मेलानोमा, रंगपेशींचा. तो धोकादायक असतो आणि त्याचे उपचार वेगळे. या लेखात पुढे जे म्हटलंय ते पहिल्या दोघांबद्दल. तिळातून वाढलेला, रंग आणि कडा बदलणारा काळा डाग असेल तर ब्रेकीथेरपीचा विचार बाजूला ठेवून आधी निदान पक्कं करावं.

गोऱ्या कातडीच्या देशांत हे रोग घरोघरी आहेत. ऑस्ट्रेलियात तर सत्तरीपर्यंत तिघांपैकी दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग होतो असं तिथल्या आरोग्य संस्था सांगतात. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन ऊन बऱ्यापैकी अडवतं, म्हणून इथे प्रमाण खूप कमी. तोटा असा की कमी दिसतं म्हणून संशयच येत नाही. गोऱ्या माणसात मोत्यासारखी चकाकणारी गुलाबी गाठ दिसते, ती आपल्याकडे बरेचदा काळपट असते आणि ‘चामखीळ असेल’ म्हणून चार-चार वर्षं तशीच राहते. आपल्याकडे कारणंही वेगळी सापडतात. टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतराची गाठ वर्षानुवर्षं कमरेला त्याच जागी घट्ट बांधल्यामुळे होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. साडीच्या परकराच्या नाडीखालीही असंच घडल्याचं पुढे मुंबईतल्याच डॉक्टरांनी लिहिलं. काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीमुळे, म्हणजे निखाऱ्यांच्या मडक्यामुळे, होतो तो आणखी एक. जुन्या भाजल्याच्या व्रणातही स्क्वॅमस सेल कार्सिनोमा उगवतो. अशा जाड, रक्तपुरवठा कमी असलेल्या व्रणात किरणं नीट मानवत नाहीत, तिथे आधी शस्त्रक्रियेचाच विचार होतो.

आता थोडा इतिहास. त्वचेचा कर्करोग हा किरणांनी बरा केलेल्या पहिल्यावहिल्या कर्करोगांपैकी एक आहे. क्युरी पती-पत्नींनी १८९८ मध्ये रेडियम शोधलं. १९०१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आंरी बेकरेल यांनी रेडियमची छोटी नळी जाकिटाच्या खिशात ठेवली आणि काही दिवसांनी त्या जागी त्यांच्या कातडीवर भाजल्यासारखी जखम झाली. पिएर क्युरींनी मग मुद्दाम आपल्या दंडावर तोच प्रयोग करून पाहिला. (आजच्या कुठल्याही नैतिकता समितीने त्यांना दारातूनच परत पाठवलं असतं.) जी वस्तू निरोगी कातडी जाळते ती रोगट कातडीही जाळेल, हा विचार सुचायला वेळ लागला नाही. पॅरिसच्या सँ लुई रुग्णालयातल्या डॉ. दांलो यांना क्युरींनी थोडं रेडियम वापरायला दिलं. १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गोल्डबर्ग आणि लंडन (हे आडनाव आहे, गाव नव्हे) यांनी चेहऱ्यावर बेसल सेल कार्सिनोमा असलेल्या दोन रुग्णांवर रेडियम वापरलं. त्याच वर्षी टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी एका पत्रात सुचवलं की रेडियमचा कण बारीक काचेच्या नळीत बंद करून थेट गाठीच्या पोटात का ठेवू नये? म्हणजे ब्रेकीथेरपीच्या दोन्ही वाटा, वरून टेकवायची आणि आत खुपसायची, शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच सापडल्या होत्या. नंतरची दशकं गेली ती डॉक्टरांचीच बोटं जळू नयेत यासाठी उपाय शोधण्यात.

पण जवळून देण्याचा एवढा अट्टहास का? इथे शाळेतलं थोडं भौतिकशास्त्र लागेल.

एखाद्या बिंदूतून निघालेल्या किरणांचा जोर अंतराच्या वर्गाने घटतो. अंतर दुप्पट झालं की जोर चौथा हिस्सा, तिप्पट झालं की नववा. बाहेरून शेक देणाऱ्या मोठ्या यंत्रात किरणांचा उगम त्वचेपासून साधारण १०० सेंटिमीटरवर असतो. त्वचेखाली अर्धा सेंटिमीटर आत गेलात तर अंतर झालं १००.५ सेंटिमीटर, आणि निव्वळ अंतरामुळे जोर घटला फक्त एक टक्का. आता किरणोत्सारी कण त्वचेच्या १ सेंटिमीटर वर आहे असं धरा. अर्धा सेंटिमीटर आत गेलात की अंतर दीडपट, आणि जोर १०० वरून थेट ४४ वर. आणखी अर्धा सेंटिमीटर आत गेलात की २५. कर्करोग जर त्वचेच्या वरच्या तीन-चार मिलिमीटरांतच असेल, तर त्याला हवी ती मात्रा मिळते आणि खालचं हाड, कूर्चा, डोळा यांच्या वाट्याला फार थोडं येतं. घाटाच्या उतारासारखी ही मात्रा झपकन खाली येते, आणि नेमका तोच उतार आपल्याला हवा असतो.

हाच उतार उलटाही फिरतो. गाठ १ सेंटिमीटर खोल गेली असेल, तर तळाला पूर्ण मात्रा पोचवण्यासाठी वरच्या कातडीला चौपट द्यावी लागेल. ती कातडी टिकणार नाही. म्हणून वरून टेकवायची ब्रेकीथेरपी पातळ रोगासाठीच, साधारण ३ ते ५ मिलिमीटर खोलीपर्यंत. दुसरी अडचण जास्त घरगुती आहे. साधन त्वचेवरून २ मिलिमीटर उचललं गेलं, रुग्ण खोकला, पट्टी सैल झाली, तर १ सेंटिमीटरचं अंतर १.२ होतं आणि मात्रा ६९ टक्क्यांवर येते. मोठ्या यंत्रात दोन मिलिमीटरनी जोरात फारसा फरक पडला नसता. या उपचारातला बराचसा वेळ किरणांत जातच नाही, साधन जागेवर घट्ट बसवण्यात जातो.

किरणं देतो तो कण बहुतेक ठिकाणी इरिडियम-१९२ चा. जुन्या फाउंटन पेनांच्या निबवर ‘इरिडियम पॉइंट’ कोरलेलं असायचं, तोच हा धातू. फक्त अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून त्याला किरणोत्सारी केलेलं असतं. आकार तांदळाच्या कण्यांमधल्या एखाद्या लांबट कणीएवढा: जाडी सुमारे १ मिलिमीटर, लांबी काही मिलिमीटर. तो एका पोलादी तारेच्या टोकाला वेल्डिंग करून बसवलेला असतो आणि एरवी जाड कवचाच्या पेटीत झोपलेला असतो. रुग्णाच्या अंगावर साधन बसवून झालं, सगळी माणसं खोलीबाहेर गेली, दार लागलं, की यंत्र आधी एक खोटी तार पाठवून वाट मोकळी आहे ना ते बघतं. मग खरी तार जाते. कण ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो, काही मिलिमीटर पुढे सरकतो, पुन्हा थांबतो, आणि काम झालं की पेटीत परत. बाहेर बसलेले लोक कॅमेऱ्यातून बघत असतात, माइकवरून बोलत असतात.

इरिडियम-१९२ चं अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस. म्हणजे अडीच महिन्यांनी त्याचा जोर निम्मा. रुग्णाला मिळायची मात्रा तीच ठेवायची, तर वेळ दुप्पट करावा लागतो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना चार मिनिटं लागली आणि मला आठ का, असा प्रश्न पडला तर उत्तर आजाराच्या तीव्रतेत शोधू नका. कण म्हातारा झाला असेल. साधारण तीन-चार महिन्यांनी तो बदलतात.

या यंत्राबाबत एक घटना प्रत्येक तंत्रज्ञाला शिकवली जाते, ती रुग्णांनीही ऐकावी. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात एका वृद्ध बाईंच्या उपचारात कण तारेपासून तुटला आणि त्यांच्या शरीरातल्या नळीतच राहिला. खोलीतला धोका सांगणारा मापक किरणं दाखवत होता. तो बिघडला असेल असं समजून दुर्लक्ष झालं. बाई काही दिवसांत दगावल्या. त्यानंतर नियम कडक झाले. आज प्रत्येक बैठक संपली की हातातला मापक घेऊन रुग्णाजवळ किरणं शिल्लक नाहीत ना हे तपासायचं, यंत्राच्या पडद्यावर काहीही लिहिलेलं असो. भारतात अशा विभागांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. तंत्रज्ञ तो मापक हातात धरून तुमच्याभोवती फिरला तर घाबरू नका. नाही फिरला तर विचारा.

कण पेटीत गेला की रुग्णात किरणं उरत नाहीत. घरी जाऊन नातवाला मांडीवर घ्यायला काहीही हरकत नाही. ताट वेगळं, कपडे वेगळे, हे सगळं निरर्थक आहे, आणि म्हाताऱ्या माणसाला त्याचं वाईट वाटतं ते निराळंच.

साधनांची नावं बहुतेक युरोपातल्या शहरांवरून पडली आहेत. लाइपझिग म्हणजे टंगस्टनचा छोटा कप, तोंडाचा व्यास १, २ किंवा ३ सेंटिमीटर. औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण उलटं टेकवावं तसा तो डागावर बसतो. टंगस्टन बाजूची किरणं अडवतं. या कपाची खोड अशी की मध्यभागी मात्रा जास्त, कडेला कमी. व्हॅलेन्सिया नावाच्या सुधारित कपात एक गाळणी बसवून ती सगळीकडे सारखी केली. टक्कल, कपाळ, पायाची नळी अशा पसरट किंवा गोलसर जागी फ्रायबुर्ग फ्लॅप उपयोगी पडतो: सिलिकॉनच्या एकेक सेंटिमीटरच्या मण्यांची ही चटई, प्रत्येक ओळीतून आरपार नळी. मणी गोल असल्याने चटई कशीही वळते आणि नळी त्वचेपासून बरोबर ५ मिलिमीटरवर राहते. नाकाच्या खाचाखोचांत चटईही बसत नाही. तिथे मेणाचा किंवा प्लास्टिकचा साचा त्या माणसाच्या नाकावरूनच काढतात, हल्ली थ्री-डी प्रिंटरनेही बनवतात. आणि रोग थोडा जाड असेल, ओठात किंवा पापणीजवळ असेल, तर बेल यांची वाट: भूल देऊन त्वचेच्या आतून बारीक प्लास्टिकच्या नळ्या समांतर ओवायच्या आणि कण त्यांतून फिरवायचा. गोधडीला धावदोरा घालावा तशा या नळ्या दिसतात. हे काम करणारा हात सरावाचा लागतो. सगळ्या केंद्रांवर तो नसतो.

समजा, ७८ वर्षांचे एक आजोबा आहेत. आयुष्य शेतात गेलं. उजव्या नाकपुडीच्या पाळीवर दीड सेंटिमीटरचा काळपट डाग, मधे खपली धरते, पडते, रक्त येतं. हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू, त्यात मधुमेह. त्वचातज्ज्ञांनी तुकडा काढून तपासला: बेसल सेल कार्सिनोमा. बायोप्सीशिवाय कोणीही शेक सुरू करू नये, ही पहिली अट. कापून काढलं तर पाळीचा तुकडा जाणार आणि कपाळाची किंवा गालाची कातडी वळवून तिथे बसवावी लागणार. आजोबांना ते नको. “आता कोणाला मुलगी दाखवायचीय मला, पण नाक नको कापू,” असं ते डॉक्टरांना म्हणतात.

मग खोली मोजतात: सोनोग्राफीने, शक्य असेल तर जास्त वारंवारितेच्या, त्वचेसाठीच्या यंत्राने. कूर्चेत शिरलाय का ते बघतात, मानेतल्या गाठी चाचपतात. डॉक्टर दिव्याखाली, भिंग लावून, डागाची कड पेनाने आखतात आणि तिच्याबाहेर आणखी निदान ५ मिलिमीटरची रेघ मारतात, कारण दिसतो त्यापेक्षा रोग थोडा पसरलेला असतो. ही रेघ म्हणजे उपचाराचा निम्मा भाग. ती चुकली तर पुढचं महागडं यंत्र चुकीच्या जागी अचूक काम करणार. साचा बनतो, सीटी स्कॅन होतो, आणि कुठे किती सेकंद थांबायचं याचं गणित भौतिकतज्ज्ञ मांडतो. हा माणूस रुग्णाला बहुधा भेटतही नाही. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत कमी आभार मानले जाणारा तोच.

मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक नेहमीचा आराखडा म्हणजे दर वेळी ५ ग्रे, आठवड्यातून दोनदा, एकूण आठ बैठका, ४० ग्रे. काही केंद्रांवर सहा-सात बैठकांत ४२ ग्रे देतात. एकदम का देत नाहीत? किरणं पेशींच्या डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी ते तुकडे दोन बैठकांच्या मधल्या काळात बऱ्यापैकी जोडून घेतात, कर्करोगाच्या पेशींना ते नीट जमत नाही. प्रत्येक फेरीगणिक ही तफावत वाढत जाते. बाहेरून देतात त्या शेकाच्या नेहमीच्या आराखड्यात रोज, पाच-सहा आठवडे यावं लागतं. तालुक्याहून एसटीने येणाऱ्या आजोबांसाठी आणि शेतीची कामं सोडून त्यांच्याबरोबर येणाऱ्या मुलासाठी आठ फेऱ्या आणि तीस फेऱ्या यात केवढा फरक आहे, हे वेगळं सांगायला नको. अर्थात बाहेरून देण्याचेही वृद्धांसाठीचे छोटे आराखडे आहेत, तेही विचारून घ्यावेत.

बैठकीच्या दिवशी नाकपुडीत मेण लावलेला शिशाचा तुकडा सरकवतात, आतला पडदा वाचावा म्हणून. ओठावर उपचार असेल तर ओठ आणि हिरडी यांच्यामध्ये असाच तुकडा ठेवतात. पापणीवर असेल तर थेंब टाकून डोळा सुन्न करतात आणि पापणीखाली ढाल बसवतात. मग साचा, पट्ट्या, फोटो काढून मागच्या वेळेशी तुलना. किरणांची पाच-दहा मिनिटं, तयारीची अर्धा तास. दुखत काहीच नाही.

दुखतं ते नंतर, आणि नेमकं चुकीच्या वेळी. पहिले दोन आठवडे काही होत नाही, म्हणून घरचे खूश. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लाली, मग साल निघणं, मग ओलसर जखम आणि पिवळी खपली. उपचार संपल्यावरही एक-दोन आठवडे हे वाढतच जातं. याच सुमारास पाहुणे येऊन म्हणतात, ‘आधी बरं होतं, शेकाने बिघडवलं.’ ही जखम अपेक्षित आहे, साधारण दीड-दोन महिन्यांत भरते. तोवर सौम्य साबण, दिलेलं मलम, खपली न खुडणं. हळद, कोरफड, भस्म यांपैकी काहीही डॉक्टरांना न विचारता लावू नये. गाठ पूर्ण गेली का हे कळायला दोन-तीन महिने लागतात, कारण किरणांनी मार खाल्लेल्या पेशी लगेच मरत नाहीत. विभाजनाची वेळ आली की पडतात.

पुढे त्या जागेवर कायमची खूण राहू शकते. तिथले केस जातात, कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात. आपल्या सावळ्या रंगात मुख्य प्रश्न वेगळा: तो गोल फिकट पडतो, आणि कडेला गडद वलय राहू शकतं. परदेशी पत्रकांतले ‘उत्तम सौंदर्य परिणाम’ दाखवणारे फोटो गोऱ्या नाकांचे असतात. आपल्या रंगाच्या रुग्णांचे फोटो दाखवा, असं केंद्राला सरळ म्हणावं.

आणि आता जो भाग जाहिरातींत बारीक अक्षरांत असतो तो. शस्त्रक्रिया आणि किरणं यांची समोरासमोर, चिठ्ठ्या टाकून केलेली एक महत्त्वाची तुलना फ्रान्समध्ये गुस्ताव्ह रूसी संस्थेत झाली आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्यावरचा ४ सेंटिमीटरपेक्षा लहान बेसल सेल कार्सिनोमा असलेले ३४७ रुग्ण. किरणं मिळालेल्या गटात निम्म्याहून अधिक जणांना आत नळ्या ओवून केलेली ब्रेकीथेरपीच होती. चार वर्षांनी रोग उरला किंवा परतला तो शस्त्रक्रियेच्या गटात ०.७ टक्के, किरणांच्या गटात ७.५ टक्के. दिसण्याबद्दल रुग्णांनाच विचारलं, तर ‘चांगलं’ म्हणणारे शस्त्रक्रियेनंतर ८७ टक्के आणि किरणांनंतर ६९. म्हणजे सुरी चेहरा बिघडवते आणि किरणं तो राखतात, ही जी सोपी समजूत आहे तिला हा अभ्यास साथ देत नाही. आजची साधनं त्या काळापेक्षा सुधारली आहेत, आणि अलीकडच्या नोंदींत लहान गाठींसाठी नव्वदहून अधिक टक्के यश दिसतं. पण त्या बहुतांशी निवडक रुग्णांच्या नोंदी आहेत. शिवाय मोज नावाच्या शस्त्रक्रियेत, जिथे एकेक थर काढून तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली कडा तपासतात, पहिल्यांदाच झालेला बेसल सेल कार्सिनोमा जवळजवळ हमखास जातो. ब्रेकीथेरपीत काढलेला तुकडाच नसतो, त्यामुळे कडा साफ आहेत का हे कागदावर कधीच येत नाही.

म्हणून माझं मत साधं आहे: ज्याची शस्त्रक्रिया सहज, छोट्या टाक्यांत होण्यासारखी आहे त्याने ती करून घ्यावी. ब्रेकीथेरपी आहे ती आपल्या आजोबांसारख्यांसाठी. जिथे कापलं तर नाकपुडी, पापणी, ओठाचा कोपरा किंवा कानाची पाळ जाते, किंवा भूल आणि रक्तस्राव झेपणार नाही, किंवा माणूस विचारपूर्वक नको म्हणतो. शस्त्रक्रियेनंतर कडेला रोग उरला तर पुरवणी म्हणूनही ती देतात.

काहींनी तिच्या वाटेला जाऊ नये. साठीच्या आतल्या माणसांत डॉक्टर सहसा टाळतात, कारण पुढची वीस-तीस वर्षं ती कातडी सूर्याखाली काढायची असते आणि किरणांमुळेच नवा कर्करोग होण्याची थोडी शक्यता असते. झेरोडर्मा पिग्मेंटोसम किंवा गॉर्लिन यांसारखे आनुवंशिक आजार असलेल्यांना किरणं सहसा देत नाहीत. त्वचा आवळणारा स्क्लेरोडर्मा सक्रिय असेल, त्याच जागी पूर्वी शेक घेतला असेल, रोग हाडात शिरला असेल तर दुसरा मार्ग. गुडघ्याखालच्या पायावर, विशेषतः मधुमेहात, जखम भरायला महिनोन्‌महिने लागू शकतात.

या कुटुंबात दोन नवे सदस्य आलेत. इलेक्ट्रॉनिक ब्रेकीथेरपीत किरणोत्सारी कण नसतोच, ५० किलोव्होल्टच्या आसपासची चिमुकली क्ष-किरण नळी असते. बंद केली की किरणं बंद. त्यामुळे जाड भिंतींची खोली लागत नाही आणि यंत्र त्वचातज्ज्ञाच्या दवाखान्यातही मावतं. अमेरिकेत त्याचा वापर दवाखान्यांतून झपाट्याने वाढला, आणि ज्या म्हाताऱ्या माणसाला साध्या खरवडण्याने भागलं असतं त्यालाही यंत्राखाली बसवतात का, अशी टीका त्वचातज्ज्ञांमधूनच झाली. सोय आणि गरज एक नव्हे. दुसरा सदस्य रेनियम-१८८ चा लेप: डागावर पातळ पडदा, त्यावर किरणोत्सारी लेप, साधारण एकाच बैठकीत काम. त्याच्या बीटा किरणांची बहुतेक मात्रा वरच्या दोन-तीन मिलिमीटरांतच पडते आणि अर्धायुष्य १७ तास. युरोप आणि ऑस्ट्रेलियात तो वापरतात.

खर्चाची चौकशी आधी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार येतात. आपल्या आजारासाठीचा हा विशिष्ट प्रकार त्यात बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला लेखी विचारलेलं बरं. आणि किरणोपचार तज्ज्ञाला एकच नेमका प्रश्न: त्वचेसाठी ही पद्धत तुम्ही वर्षाला किती जणांवर वापरता? गर्भाशयमुखाचा अनुभव दांडगा असला म्हणून नाकाचा साचा जमतोच असं नाही.

आपले आजोबा उपचारानंतर दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला येतात. नाकपुडी जागेवर आहे, तिच्यावर रुपयाएवढा फिकट गोल आहे, चष्मा लावला की अर्धा झाकतो. डॉक्टर नाक दोन मिनिटांत बघतात, बोटाने चाचपतात, मान बघतात. मग आजोबांना टोपी काढायला लावतात, कानामागे बघतात, सदरा उतरवून पाठ बघतात. “नाकाचा आजार, तो पाठीवर कुठं शोधताय?” आजोबा दर वेळी विचारतात. ज्या उन्हाने नाकावर काम केलं तेच उन्ह मानेवर आणि कानांवरही साठ वर्षं पडलेलं असतं, आणि एकदा असा कर्करोग झालेल्या पुष्कळांना दुसरा नव्या जागी होतो. डॉक्टर ते दर वेळी तितक्याच शांतपणे सांगतात, आणि टोपी परत देतात.